उत्तर त्याच पानावर

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ समीक्षकांचं भाषण झालं. विषय होता मराठी गद्याची गेली पंचवीस वर्षं. सव्वा तास ते उत्तम बोलले. कादंबरीवर बोलले, ललित गद्यावर बोलले, दिवाळी अंकांच्या ओसरत्या जोमाबद्दल तळमळीनं बोलले. शेवटच्या पाच मिनिटांत ते ब्लॉगवर आले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: ब्लॉगमुळे संपादक गेला आणि त्याच्याबरोबर लेखनाचा कस गेला, जो तो लेखक झाल्यामुळे लेखक या शब्दाला वजन उरलं नाही, वाचकांचा सहभाग म्हणून ज्याचं कौतुक झालं, ते एकमेकांची पाठ थोपटणं होतं, नाहीतर चिखलफेक, आणि दहा-बारा वर्षांत ही लाट ओसरली तेव्हा मागे काहीही राहिलं नव्हतं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत होते. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी २००७ साली ब्लॉग सुरू केला आणि नऊ वर्षं चालवला. तेव्हा मी एका जिल्ह्याच्या गावी बँकेत नोकरी करत होते, मुलगी शाळेत होती, लिहायची वेळ रात्री दहानंतरची. त्याआधी माझ्या नावानं छापून आलेला मजकूर म्हणजे वर्तमानपत्रातली दोन वाचकपत्रं, त्यातलं एक निम्मं कापलेलं. तेव्हा या वादात मी तटस्थ नाही. पण माझा अनुभव क्षणभर दूर ठेवला तरी आपल्या वाङ्मयाचा इतिहास समीक्षकांच्या बाजूनं बोलत नाही.

संपादकाशिवाय कस राहत नाही, हे विधान घ्या. आधुनिक मराठी निबंधाचा पाया म्हणून आपण ज्या गद्याकडे बोट दाखवतो, त्या 'निबंधमाले'चा संपादक कोण होता? जानेवारी १८७४ मध्ये माला सुरू झाली, तिचे ८४ अंक निघाले आणि त्यातला जवळजवळ सगळा मजकूर एकट्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा. सुरुवात केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. काय लिहायचं, किती लांब लिहायचं, कुणाला सोडायचं नाही, हे सगळं त्यांनीच ठरवलं. एक विषय त्यांना पुरा वाटेपर्यंत ते महिनोन् महिने चालवत. त्यांच्या लेखाला कात्री लावणारा वरचा माणूस कुणी नव्हता. एक माणूस, त्याचं स्वतःचं नियतकालिक, ठरावीक अंतरानं येणारा मजकूर आणि वाट पाहणारे वाचक. या रचनेला आज आपण काय म्हणू, हे वाचकांनीच ठरवावं.

निवड करणाऱ्यांची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. कमिटीनं ते स्वीकारलं नाही. हे नाटक छापून लोकांसमोर आलं १९७९ मध्ये. मध्ये १२४ वर्षं गेली. मराठी रंगभूमीचा इतिहास त्या १२४ वर्षांत ते नाटक नसल्यासारखाच लिहिला गेला, शिकवला गेला, परीक्षेत विचारला गेला. दारावर बसलेला माणूस वाईट मजकूर अडवतो हे खरं, पण तो जे अडवतो ते सगळं वाईट असतं, ही खात्री आपण कशाच्या जोरावर बाळगायची?

याच दोन माणसांमध्ये ब्लॉगच्या प्रश्नाचं मूळ आहे असं मला वाटतं. चिपळूणकरांनी मालेत फुल्यांवर आणि सत्यशोधक समाजाच्या लेखनावर कडवट टीका केली. भाषेच्या, व्याकरणाच्या चुका काढल्या. 'यांना धड मराठी लिहिता येत नाही' हा सूर मराठीत तेव्हापासून आहे. परवाच्या भाषणातही, ब्लॉगवरच्या शुद्धलेखनाबद्दल बोलताना, तो पुन्हा लागला. आता प्रश्न असा: फुल्यांचं उत्तर मालेच्या वाचकाला कुठे वाचायला मिळालं असतं? मालेत तर नाहीच. पुढे १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकार सभेचं निमंत्रण पाठवलं, तेव्हा फुल्यांनी नकाराचं जे पत्र लिहिलं, ते 'ज्ञानोदय'मध्ये छापलं गेलं. म्हणजे आक्षेप एका पानावर, उत्तर दुसऱ्या पानावर, आणि दोन्ही पानं हातात असणारा वाचक विरळा. मराठीतले बहुतेक वाद असेच झाले आहेत. १९६९ मध्ये तरुण लेखकांनी 'सत्यकथा' मासिकाची होळी केली. त्याआधी आणि त्यानंतर स्वतःच्या पैशानं चक्रमुद्रित अंक काढले: 'शब्द', 'असो', 'फक्त', 'येरू'. त्यांना बोलायचं होतं आणि जिथे बोलायला हवं होतं ते पान त्यांच्या हातात नव्हतं. दर वेळी उत्तर देणाऱ्याला आधी कागद मिळवावा लागला, शाई मिळवावी लागली, टपालखर्च सोसावा लागला.

ब्लॉगनं जे बदललं ते इथे बदललं. संपादक नसणं मराठीला नवं नव्हतं. नवं होतं ते हे, की लेखाखाली, त्याच पानावर, त्याच अक्षरात, लेख जितके दिवस राहील तितके दिवस उत्तर राहू लागलं. लेख वाचायचा आणि उत्तर टाळायचं, ही सोय लेखकालाही उरली नाही.

हे सहज घडलं नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आमच्यासारख्यांच्या हातात ती पोहोचायला पुढची दहा-पंधरा वर्षं लागली. तोवर प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा. तो आपल्या संगणकावर नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसायचा. मग बरहा आलं, गमभन आलं, इनस्क्रिप्ट शिकणारे शिकले. 'ऱ्य' कसा उमटवायचा हे कित्येकांना वर्षानुवर्षं सापडलं नाही, म्हणून 'दुस-या', 'वा-यावर' असं मध्ये आडवी रेघ मारून लिहिलं गेलं. परवा सभागृहात हसू आलं ते अशाच लेखनाच्या उदाहरणावर. मला ती आडवी रेघ पाहिली की नागपूरच्या, बेळगावच्या, शारजाच्या, न्यू जर्सीच्या खोल्यांमध्ये रात्री उशिरा एकेक अक्षर शोधणारी माणसं दिसतात. त्यांच्या भाषेत लिहायची यंत्रं त्यांच्यासाठी बनलेली नव्हती आणि तरी ती लिहीत होती. त्यांनी शब्दही घडवले: जालनिशी, अनुदिनी, विरोप, व्यनि, खरडवही. ब्लॉगला अनुदिनी म्हणणं टिकलं नाही, ब्लॉगच राहिला. 'प्रतिसाद' मात्र टिकला, आणि तो शब्द मला फार मोलाचा वाटतो. अभिप्राय वरून दिला जातो. प्रतिसाद समोरून येतो.

२००९ च्या मे महिन्यात मी आजोळच्या विहिरीवर एक लेख टाकला. मी पाच-सहा वर्षांची असताना त्या विहिरीवर मोट चालताना पाहिली होती, पुढे इंजिन बसलं. लेखात मी मोटेचं वर्णन केलं: बैल धावेवरून उताराला जातात, नाडा ताणला जातो, भरलेली मोट वर येते, पाणी थारोळ्यात कोसळतं, मग बैल वळून पुन्हा विहिरीकडे येतात. लेख ९०० शब्दांचा होता. भाषा नेटकी होती. माझी खात्री आहे की शहरातल्या कुठल्याही चांगल्या संपादकानं तो घेतला असता आणि एखाद-दुसरा अनुस्वार दुरुस्त करून छापला असता.

तिसऱ्या दिवशी एक प्रतिसाद आला. लिहिणारा मूळचा सांगोल्याकडचा, तेव्हा आखातात नोकरीला. टोपणनावाखेरीज त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. त्यानं लिहिलं होतं: ताई, बैल वळत नाहीत. ते उलट पावली मागे सरतात, चढावर, विहिरीकडे पाठ करून. वळले तर नाडा त्यांच्याच पायांत येईल. मग त्यानं सगळी रचना मांडली. मोटेला दोर दोन. जाडा नाडा वरच्या चाकावरून जातो. दुसरा बारीक दोर सोंडेला, तो खाली थारोळ्याच्या काठावरच्या रुळावरून. त्यामुळे मोट वर येईपर्यंत सोंड दुमडून वर धरलेली राहते, पाणी सांडत नाही, आणि मोट काठाशी आली की सोंड आपोआप थारोळ्यावर पसरते. उताराला जाताना मोटकरी नाड्यावर बसतो, आपलं वजन बैलांच्या मदतीला देतो. परत येताना उतरतो आणि बैलांशी बोलत, गात त्यांना मागे घेतो. नव्या बैलाला ओढायला शिकवावं लागत नाही, असं त्यानं लिहिलं होतं, मागे सरायला शिकवावं लागतं. त्याच्या वडिलांच्या गाण्यातली निम्मी गाणी त्या मागे सरण्यासाठीच होती.

मी लेखातलं ते वाक्य पुसलं नाही. त्यावर रेघ मारली, खाली दुरुस्ती लिहिली, तारीख आणि दुरुस्ती करणाऱ्याचं टोपणनाव दिलं. त्यानंतर माणसं येत गेली. एकीनं आईकडून विचारून मोटेवरच्या एका गाण्याची चाल कशी होती ते लिहिलं. एकानं साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीबद्दल लिहिलं, जिथे एकाच वेळी बारा मोटा चालवायची सोय दगडात बांधून काढलेली आहे. एकाचे आजोबा मोटेचं कातडं शिवायचे. त्यानं लिहिलं की विहिरीच्या आठवणी सगळे लिहितात, पण ज्याच्या हातानं मोट शिवली जायची त्याला त्या विहिरीचं पाणी स्वतः शेंदता येत होतं का, हे कुणी लिहीत नाही. मी आजोळच्या विहिरीवर ९०० शब्द लिहिले होते आणि हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. दोन दिवस मी त्या प्रतिसादाला उत्तर देऊ शकले नाही. मग मामाला फोन केला, विचारलं, आणि जे ऐकलं ते खाली लिहिलं. तो लेख त्या दिवसापासून आजोळच्या आठवणींचा गोड लेख राहिला नाही, आणि ते योग्यच झालं.

महिन्याभरात प्रतिसाद माझ्या लेखाच्या तिप्पट झाले. आता या मजकुराचा लेखक कोण? समीक्षक म्हणतात तसा लेखक इथे हलका झाला असं मला वाटत नाही. माझं नाव वर होतं, चूक माझी होती आणि ती माझ्या नावाखाली उघड दिसत होती. ज्यानं दुरुस्त केलं त्याचं श्रेयही दिसत होतं. ही पद्धतही मराठीला परकी नाही. 'लीळाचरित्र' हा आपला आद्य गद्यग्रंथ म्हाइंभटांनी गावोगाव जाऊन, चक्रधरांना ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून, एकेक लीळा गोळा करून रचला. पुढे पाठांमध्ये फरक पडले, तेव्हा महानुभावांनी ते फरक पुसून एकच गुळगुळीत पाठ केला नाही. कुणाचा पाठ काय म्हणतो ते नोंदवून ठेवलं. तेराव्या शतकात ज्या भाषेचं गद्य ऐकणाऱ्यांच्या साक्षीतून उभं राहिलं, त्या भाषेच्या समीक्षकाला वाचकाचा शब्द मजकुरात आला की लेखकपण धोक्यात आलं असं का वाटावं?

'जो तो लेखक झाला' ही तक्रार मला सगळ्यांत जास्त लागली. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या आणि गाणी पुस्तकात आली १९५२ मध्ये, त्या गेल्याच्या पुढच्या वर्षी. ती आली कारण मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, त्यानं ती वहीत उतरवून ठेवली होती, आणि ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली. इतके योग जुळले म्हणून बहिणाबाई आपल्याला मिळाल्या. ज्यांच्या पोटी कवी जन्मला नाही, ज्यांच्या गावात अत्रे आले नाहीत, त्यांचं काय झालं याची यादी कुठल्याही वाङ्मयेतिहासात नाही. जो तो लेखक होऊ शकला, ही मराठीवर आलेली आपत्ती नव्हती. ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्यांनी परवानगी न मागता लिहायला घेतलं, हे मराठीत फार उशिरा घडलं.

टोपणनावांबद्दलही ते कठोर बोलले. नाव लपवून लिहिणं म्हणजे जबाबदारी टाळणं, असं त्यांचं मत. गोपाळ हरी देशमुख कंपनी सरकारच्या चाकरीत होते आणि १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये त्यांनी शतपत्रं लिहिली ती 'लोकहितवादी' या नावानं. स्वतःच्या जातीवर, स्वतःच्या समाजावर इतकं परखड त्या काळात फार थोड्यांनी लिहिलं. जबाबदारी सही कुठली आहे यावर ठरत नाही. एकच नाव वर्षानुवर्षं चालवलं, कालच्या शब्दाला आज बांधील राहिलं, चूक दाखवली की त्याच नावानं मान्य केली, यावर ती ठरते. आमच्यातल्या कित्येक जणी टोपणनावानं लिहीत होत्या, कारण सासरी कळलं असतं तर लिहिणं थांबलं असतं.

आता जे त्यांनी बरोबर सांगितलं ते मी मान्य करते. पाठ थोपटणं होतं. 'मस्त', 'छान', 'पुलेशु' अशा प्रतिसादांचे थर होते. पुढील लेखनास शुभेच्छा एवढं पुरं लिहायचाही वेळ लोकांना नव्हता. आणि घाण होती. २०११ मध्ये मी हळदीकुंकवाला विधवांना न बोलावण्याबद्दल लिहिलं, तेव्हा तीन दिवसांत जे आलं ते मी इथे लिहू शकत नाही. माझ्या मुलीचा उल्लेख त्यात होता. मी चार महिने प्रतिसाद बंद ठेवले. पुन्हा उघडले तेव्हा प्रत्येक प्रतिसाद आधी वाचून मग प्रसिद्ध करायचा असं ठरवलं, आणि रोज रात्री बसून ठरवावं लागलं: ही शिवी आहे, ही जाईल, हा माझ्याशी असलेला कडवा मतभेद आहे, हा राहील, मला कितीही बोचला तरी राहील. एका प्रतिसादावर एकदा मी आठवडाभर अडले होते. समीक्षक म्हणतात संपादक गेला. तो गेला नव्हता. त्याचं काम माझ्यासारख्या, त्या कामाचं कुठलंही शिक्षण नसलेल्या हजारो जणांवर येऊन पडलं होतं. काहींनी ते वाईट केलं, काहींनी केलंच नाही. पण आम्हांला ते शिकवायला कुणी आलं का? साहित्य संस्थांनी, विद्यापीठांच्या मराठी विभागांनी त्या वर्षांत एखादी कार्यशाळा घेऊन सांगितलं असतं, की वादात मजकूर कसा राखावा, संदर्भ कसा तपासावा, शिवी आणि टीका यांत रेघ कुठे ओढावी, तर आज हा आक्षेप घेण्याचा त्यांना अधिकार असता.

ब्लॉगचा खरा दोष त्यांनी सांगितलाच नाही. तो मी सांगते. पानाच्या कोपऱ्यात आकडा असायचा, किती जणांनी वाचलं त्याचा. पहिल्या वर्षी मी तो आठवड्यातून एकदा पाहायची. तिसऱ्या वर्षी सकाळी चहाच्या आधी पाहू लागले. मोटेच्या लेखाला जितके वाचक महिन्यात मिळाले, तितके एका मालिकेच्या शेवटच्या भागावर चिडून लिहिलेल्या वीस ओळींना एका दुपारी मिळाले. त्यानंतर सहा महिने मी कशावर लिहिलं ते आठवलं की मला वाईट वाटतं. वाचक लेखकाच्या इतक्या जवळ आला की लेखक त्याच्याच तोंडाकडे पाहून बोलू लागला. छापील अंकात हा धोका नव्हता असं नाही, पण त्याला वेळ लागायचा आणि त्या वेळात माणूस भानावर यायचा.

आणि लेखकाचं नाव पुसण्याचा आरोप ब्लॉगवर करणं हा तर सरळ अन्याय आहे. ब्लॉगवरच्या प्रत्येक मजकुराला नाव होतं, तारीख होती, कायमचा पत्ता होता. तो पत्ता दिला की मजकूर जिथे जन्मला तिथे जाता यायचं. नाव पुसलं गेलं ते पुढे, मजकूर उचलून मोबाइलवर ढकलायला लागल्यावर. ज्यांनी कधी ते लिहिलं नाही त्या पु. ल. देशपांड्यांच्या, व. पु. काळ्यांच्या नावावर उतारे फिरतात. ज्यांनी खरंच लिहिलं, त्यांची नावं खालून छाटली जातात. माझा एक लेख मला माझ्याच भावजयीकडून आला, खाली लिहिलं होतं 'लेखक अज्ञात'. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं तेव्हा आमच्यातल्या अनेकांना पहिल्यांदा जाणवलं की वाचक आता ब्लॉगच्या पानावर येणार नाही, तुकडा त्याच्या हातात जाईल. पान सुटलं की पानाखालचं उत्तरही सुटतं. ढकललेल्या मजकुरात चूक असली तर ती दाखवायची कुठे? ती पुढे जातच राहते.

हे लेखन सवंग होतं म्हणणाऱ्यांनी एकदा ढाक्याकडे पाहावं. तिथे बंगाली ब्लॉगर २०१३ च्या फेब्रुवारीत शाहबाग चौकात लोकांना घेऊन उतरले. 'मुक्तमना' चालवणारे अभिजित रॉय यांना २६ फेब्रुवारी २०१५ ला, एकुशे पुस्तकमेळ्यातून बाहेर पडताना, रस्त्यावर कोयत्यांनी मारलं. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या, त्याही गंभीर जखमी झाल्या. त्याच वर्षी वाशिकुर रहमान, अनंत बिजय दास, निलय नील मारले गेले. ऑक्टोबरमध्ये रॉय यांचे प्रकाशक फैसल आरेफिन दीपन यांना त्यांच्या कचेरीत मारलं. पुस्तक छापणारा आणि ब्लॉग लिहिणारा यांत मारेकऱ्यांनी फरक केला नाही. आपण महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ ची पुण्यातली सकाळ पाहिली आहे; त्या सकाळी मारले गेलेले नरेंद्र दाभोलकर छापील साप्ताहिकाचे संपादक होते. शब्द कुठल्या माध्यमात आहे यावर त्याची किंमत ठरवण्याची चैन फक्त सुरक्षित सभागृहात परवडते.

आता शेवटचा आक्षेप, मागे काहीही राहिलं नाही हा. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मला त्याचा राग आला. छापलेल्या पुस्तकाची प्रत राखायची म्हणून आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत द्यायची. ब्लॉगसाठी असं काही केलं गेलं नाही. ब्रिटननं एप्रिल २०१३ पासून जालावरचा मजकूरही राष्ट्रीय ग्रंथालयांनी जपावा असा नियम केला. आपल्याकडे या वीस वर्षांत मराठी भाषेसाठी समित्या झाल्या, संमेलनं झाली, ठराव झाले. कुणी म्हटलं का, की २००५ ते २०१५ या काळात सामान्य माणसांनी लिहिलेलं हे एवढं मराठी गद्य, बोलींसकट, शिव्यांसकट, पाककृतींसकट, कुठेतरी साठवा? परदेशी कंपन्यांच्या फुकटच्या जागेत ते पडून होतं. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये. एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लस बंद झालं तेव्हा त्यातून ब्लॉगवर लिहिलेले प्रतिसादही पुसले गेले. लेख राहिले, उत्तरं गेली. ज्यांच्याकडे जपण्याची साधनं होती त्यांनी जपलं नाही, आणि आता तेच विचारतात की राहिलं काय.

माझा ब्लॉग ज्या सेवेवर होता तीही बंद झाली. तीन महिन्यांची मुदत होती. मी माझे लेख उतरवून घेतले, एकेक, सगळे, दोनशे अकरा. प्रतिसाद घेतले नाहीत. ते वेगळे उतरवावे लागत होते, वेळखाऊ होतं, आणि मला वाटलं लेखन म्हणजे वरचं, खालचं काय. परवा समीक्षक जे म्हणाले ते त्या तीन महिन्यांत माझ्याही मनात होतं.

मोटेच्या लेखाचे पहिले काही प्रतिसाद तेवढे माझ्याकडे आहेत, कारण मामाला वाचून दाखवायचे म्हणून मी ते बँकेतल्या छपाईयंत्रावर काढले होते. कागदाची कड पिवळी पडली आहे. सांगोल्याच्या त्या माणसानं शेवटी एक प्रश्न विचारला होता: मोटकरी बैलांना मागे घेताना जी लकेर काढायचा, तिला आमच्याकडे एक शब्द होता, वडील गेल्यापासून तो मला आठवत नाही, तुमच्या गावाकडे काय म्हणत? मी मामाला विचारलं. तो खाटेवर आडवा होता, उठून बसला, हसला, आणि त्यानं शब्द सांगितला. तो मी त्या रात्री ब्लॉगवर प्रश्नाखाली लिहिला, आणि आखातातून लगेच उत्तर आलं की हाच, हाच. कागद त्याच्या आदल्या दिवशी छापलेला आहे. मामा २०१४ मध्ये गेला. तो शब्द काय होता, ते मला आठवत नाही.